गोपालची संमती

"तिसरी हरकत," वामनरावांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "'गोपाल' ही हयात व्यक्ती असल्यास तिची लेखी संमती जोडावी."

कुंदाताई जवस भाजत होत्या. "आधीच्या दोन झाल्या?"

"झाल्या."

वामनरावांचं अख्खं आयुष्य वणीच्या एका कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात गेलेलं. ट्रेडमार्कवाल्यांना उत्तर देणं म्हणजे डाव्या हातचा मळ. पण कुंदाताईंनी आपल्या चटणीला दिलेलं 'गोपाल जवस चटणी' हे नाव पहिल्या डब्यापासून त्यांच्या घशात अडकलं होतं. घरात गोपाल नाही, भावकीत नाही. विचारायचं कसं, म्हणून दोन वर्षं विचारलंच नव्हतं.

आता सरकारच विचारत होतं.

"देवाचं नाव आहे, असं लिहू?"

"खोटं कायले लिवता? माणूस हाये."

पेन थांबलं. "हयात?"

"चांगला धडधाकट."

वामनराव अंगणात गेले आणि कुंदाताईंच्या माहेरी, बोरी अरबला, मेहुण्याला फोन लावला. "घनश्याम, तुमच्या गावात गोपाल नावाचं कोणी होतं का? कुंदाच्या वयाचं?"

"तीन हायेत, भाऊजी. कोणता पायजे?"

ते आत आले. मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. उत्तर गेलं नाही तर अर्ज बाद, कुंदाची सगळी मेहनत पाण्यात. क्षणभर वाटलं, जाऊच द्यावी मुदत. मग स्वतःचीच लाज वाटली.

"कसा आहे हा गोपाल?" कागद उगाच सरळ करत त्यांनी विचारलं.

"घुम्या. ताट चाटूनपुसून साफ करन, पण चांगलं झालं म्हणून तोंडातून शब्द निघणार नाही."

"तरी आवडतो?"

"त्याबिगर डब्यावर घातलं काय नाव?"

वामनरावांनी संमतीपत्र लिहून काढलं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. सहीची जागा तेवढी कोरी सोडली.

"घे. सकाळच्या एसटीनं जाऊन त्याची सही आण." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एवढ्या लांब एकटी नको जाऊस. मी येतो सोबत. बाहेर थांबेन."

कुंदाताईंनी पदराला हात पुसले, कागद नीट वाचला आणि त्यांच्याचपुढे सरकवला.

"करा सही."

"मी?"

"लग्न होऊन आली त्याच दिवशी तुमच्या आईनं बजावलं, नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही. मग मनातल्या मनात तुमाले हाक मारायले एखादं नाव नको होतं काय मले?"