ऑस्त्रोगची शपथ

"दारू पिऊन गाडी बाल्शाच चालवत होता," असं वुक्सानने पोलिसांना सांगितलं. अपघातात बाल्शा गेला, हा त्याचा जिवलग मित्र वाचला. बाल्शाची आई स्तानोयका वुक्सानला म्हणाली, "मग ऑस्त्रोगच्या मठात चल. संतासमोर शपथ घे." तिथे खोटी शपथ घेणाऱ्याचा वंश बुडतो, असं आमच्या डोंगरात सगळेच मानतात. दोघं अनवाणी चढून गेले, बुटक्या दारातून वाकून मठाच्या गुहेत शिरले. वुक्सानने संताच्या शवपेटीवर हात ठेवला. "काकू, गाडी..." तो थांबला. "बोल ना. पोलिसांपुढे तर घडाघडा बोललास." त्याने हात उचलला, पुन्हा ठेवला. स्तानोयकाला कळायचं ते कळलं. त्याने पुन्हा तोंड उघडताच तिने त्यावर तळहात दाबला. "नको बोलूस," ती म्हणाली. "तुझ्या आईलाही तू एकुलता एकच आहेस." त्याच्या आसवांनी भिजलेला हात झग्याला पुसून ती एकटीच डोंगर उतरली.