रूम खाली करायचा दिवस

खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि वर बापलेकांची जुंपली होती.

“हॉस्टेल म्हणजे हॉस्टेल,” शरणप्पा म्हणाला. “नांदेडात फ्लॅट-बिट काही मिळणार न्हाई. आम्ही मठाच्या बोर्डिंगात सतरंजीवर झोपून शिकलो.”

“तुमचं वेगळं होतं, अप्पा,” मोबाइलवरची नजर न काढता रुद्रेश म्हणाला. “सगळ्यांचे वडील देतात. हॉस्टेलचं जेवण मला जात न्हाई. फ्लॅट घ्या, अव्वा येईल माझ्यासोबत.”

शरणप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराला डॉक्टर करायचं म्हणून त्याने लातुरात, ट्यूशनच्या गल्लीत ही रूम घेतली होती. गावोगावच्या आया पोरांना रांधून घालायला इथं येऊन राहतात. बायकोला, रुद्राणीलाही त्याने तसंच धाडलं. आणि स्वतः काय, तर उदगीरच्या दुकानात दिवसभर कापड फाडायचं आणि भावजयीकडचं गार वरण गिळायचं. ती वाढायची, पण ताट आपटून. आता पोराचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला, बायको घरी येणार, या एका आशेवर तो टेम्पो घेऊन आला होता. आणि हे बेणं म्हणतंय, अव्वा नांदेडला.

रुद्राणी दोघांच्या मधून मुकाट्याने ये-जा करत होती. तिने रुद्रेशची गादी बांधली, पुस्तकांची खोकी दाराशी लावली. शरणप्पा गॅसच्या टाकीकडे वळला तशी ती म्हणाली, “ती राहू द्या.” घरमालकाची असेल, असं समजून त्याने मोठा कुकर उचलला. तोही तिने हातातून काढून घेतला. जिन्यावरून दोन पोरी डोकावल्या, “मावशी, आज उशीर हाय का?” म्हणाल्या आणि आतला आवाज ऐकून परत गेल्या. कधी एकदा निघतो असं शरणप्पाला झालं होतं.

“तू सांग याला,” तो शेवटी बायकोवरच उखडला. “लाडावून ठेवलंस. सगळं आयतं पाहिजे साहेबाला. आई म्हणजे याची नोकर हाय का? तिकडं माझं घर उघडं पडलंय.”

“अव्वा, तूच सांग अप्पांना,” रुद्रेश म्हणाला.

रुद्राणीने पदराला हात पुसले. “रुद्रेश, तू हॉस्टेलात राहा. सगळे राहतात.”

शरणप्पाचा चेहरा खुलला. “चल मग. तुझ्या साड्या कुठं हायत? भरल्यास का?”

“मी कुठंच येत न्हाई,” ती म्हणाली. “या बिल्डिंगीतल्या पोरी माझ्याकडं जेवतात. भाडं त्यातून निघतंय. घरमालकाशी बोलले मी. तुम्ही दोघं मघापासून मला कुठं न्यायचं ते ठरवत बसलात. मला विचारलं कुणीच न्हाई.”

शरणप्पा दाराशी लावलेल्या पुस्तकांच्या खोक्यावरच बसला. रुद्रेशने मोबाइल खिशात घातला.

“आणि आम्ही?” त्याने विचारलं.

“येत जा की दोघंबी. भाकरीला कमी न्हाई इथं,” रुद्राणीने शेगडी पेटवली. “फक्त यायच्या आधी फोन करा.”