मेंदूतला एक ठिपका

सेगेद शहरातल्या आमच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत उंदीर पंजांनी इवलंसं चाक फिरवतो. पडद्यावर खूण दिसेल त्या बाजूला फिरवलं की साखरपाणी मिळतं. कुठं फिरवायचं हे मेंदूच्या पुढच्या भागातला एक ठिपकाच ठरवतो, असं आमचे प्राध्यापक तीस वर्षं सांगत आलेत. त्यांची खुर्ची त्या ठिपक्यावर उभी आहे, आमच्या पदव्या त्यांच्या सहीवर. आमच्यातल्या बोग्लार्कानं उंदराच्या मेंदूभर संकेत टिपणाऱ्या बारीक सुया घालून ऐकलं, तर ठरवताना सगळा मेंदूच बोलत होता. या नोंदी हाच प्रयोग करणाऱ्या भागीदार प्रयोगशाळांना पाठवायच्या क्षणी प्राध्यापक मागे उभे राहिले. “पुढचा भाग ठेव, पोरी. बाकीचा गोंगाट पुसून टाक.” “उंदराच्या विचाराला गोंगाट म्हणू नका, सर.” “पदवी हवी ना?” “हवी,” म्हणत तिनं अख्ख्या नोंदी पाठवल्या. “कुणाला विचारून?” ते गरजले. “माझ्यातल्या सगळ्यांना, सर. डोकं हो म्हणालं. पाय लटपटत होते, पण नाही म्हणाले नाहीत.”