केबिनमधला माणूस

मामाला पाहून भाच्याने ट्रामच्या केबिनचं दार आतून स्वतःच उघडलं. आपल्याला युनिफॉर्ममध्ये बघायला मामा आला असेल, असं त्याला वाटलं. पुढच्याच क्षणी त्याची कॉलर मामाच्या मुठीत होती आणि तो पायरीवरून खाली थांब्याच्या फरशीवर तोंडघशी आपटला. ओठ फुटला. नवीकोरी टोपी घरंगळत गेली आणि कुणीतरी तिच्यावर पाय दिला.

मिनीबसवाले सकाळपासून त्या थांब्यावर दबा धरून होते. शहरात ट्राम नुकतीच सुरू झाली होती आणि यांच्या गाड्या आत्ताच निम्म्या रिकाम्या धावत होत्या. ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय आला होता. सगळे मामाच्या शब्दाबाहेर न जाणारे. स्टँडवर जो तो त्याला मामाच म्हणायचा. खरा भाचा मात्र हा एकच. बापाविना वाढलेलं पोर. मामाने त्याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, मिसरूड फुटल्यावर स्वतःची गाडी त्याच्या हातात दिली. आणि हा पठ्ठ्या ती सोडून ट्राममध्ये जाऊन बसला. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण मामाला रात्री झोप लागत नव्हती.

या धंद्याची एक रीत होती. भांडण कितीही पेटलं तरी गाडीची काच फोडायची नाही, कारण गाडी कुणाच्या तरी घरची चूल असते. मारायचं ते ड्रायव्हरला, आणि तेही हातावर. हात गेला की गाडी जागेवर. आपल्या रस्त्यावर घुसलेल्या परक्या गाड्या त्यांनी आजवर अशाच बसवल्या होत्या.

हॉर्नने तोवर भाच्याच्या बरगड्यांत लाथा घालायला सुरुवात केली होती. स्टँडवर सगळ्यात मोठा आवाज याचा, म्हणून हा हॉर्न. डोक्याच्या नावाने आनंद. त्याची एक लाथ पोटात बसली आणि भाचा तिथेच ओकला. मागून आणखी कुणीतरी पट्टा सोडला आणि त्याचं बक्कल भाच्याच्या कानावर हाणलं.

"बाजूला व्हा! माझा आहे तो, मी बघतो," मामा ओरडला.

यांच्या हाती राहिला तर पोरगं जिवंत घरी जात नाही, हे त्याला दिसत होतं. आपणच एक हात मोडावा. यांचा राग निवेल, हाड महिना-दोन महिन्यांत जुळेल आणि पोरगं निमूटपणे आपल्या गाडीवर परत येईल. माया करणारी माणसं काय काय हिशोब मांडतात! मामाने टायर काढायची लोखंडी टॉमी उचलली आणि भाच्याच्या खांद्यावर गुडघा रोवला.

सुटायला अजून वेळ होता, म्हणून ट्राम दारं उघडी टाकून उभी होती. प्रवासी काचांना नाकं लावून बघत होते. "अरे, मरेल तो!" म्हणत एक बाई आतून काच बडवत होती. उतरलं मात्र कुणी नाही.

"परत या गाडीला हात लावणार नाहीस. बोल!"

"मामा..." भाच्याने रक्त थुंकलं. "मी चालवतच नाही रे ती."

"काय?"

"आईशपथ. ती आपली आपण चालते. आपणच थांबते, आपणच दारं लावते. लोक घाबरतात म्हणून मला पुढे बसवलंय. माझ्यापुढचा तो दांडा नुसता वरून हलतो, खाली कशाला जोडलेलाच नाही."

सगळे खो खो हसले. हॉर्नने तर पोट धरलं. "मामा, याला गाडी शिकवलीस, पण खोटं बोलायला नाही शिकवलंस!"

मामाला ते हसणं झोंबलं. मार चुकवायला आपलं पोरगं असलं काहीबाही बरळतंय, याची त्याला लाज वाटली. त्याने भाच्याचं उजवं मनगट फरशीच्या कडेवर दाबलं आणि टॉमी घातली. पहिला घाव निसटून बोटांवर बसला. दुसरा नेमका बसला. हाड मोडल्याचं मामाला टॉमीतून थेट कोपरापर्यंत जाणवलं. भाचा असा ओरडला, की पट्टा हाणणारासुद्धा दोन पावलं मागे सरला.

"झालं," मामा धापा टाकत म्हणाला. "आता बघू, कशी हलते गाडी."

ट्राममध्ये घंटा वाजली. दारं मिटली. केबिनचंही दार सरकत येऊन लागलं. आणि ट्राम निघाली.

पुढच्या काचेतून रिकामी खुर्ची सगळ्यांना स्वच्छ दिसली. मघाची बाई आता स्वतःसाठी किंचाळत होती. हॉर्न हातवारे करत थोडा ट्रामच्या मागे धावला आणि थांबला. त्याच्या तोंडून आवाज फुटेना. चौकात लाल दिवा लागला तशी ट्राम अलगद थांबली. हिरवा झाल्यावर हलकेच वळण घेऊन पुढे गेली. वळताना दिसलं, बाई सीटवर बसली होती.

थांब्यावर सळया, पट्टे, साखळ्या घेतलेली माणसं उभी होती आणि समोर नुसते रूळ होते. मामाने टॉमी टाकली. भाच्याचा सुजत चाललेला हात त्याने दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला.

भाच्याने डोळे उघडले. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"त्या गाडीत आपला एकच माणूस होता, मामा. तोही तुम्ही लोकांनी खाली ओढलात."