सात चुली

साडेदहा वाजले होते. अकराला विद्यापीठाचा निकाल वेबसाइटवर लागायचा होता, चाळीस हजार मुलं डोळे लावून बसली होती, आणि आमचं बिल्ड, म्हणजे साइटच्या प्रोग्रामची जुळणी, एसएमएस पाठवणाऱ्या मॉड्यूलवर अडून बसलं होतं.

पणशीकर मॅडमनी निवृत्तीआधी एकसंध जावा प्रोग्राम फोडून त्याची सात वेगळी मॉड्यूल केली होती. "एवढासा संसार, त्याला सात चुली?" असं मी त्यांच्या निरोपसमारंभात म्हणालो होतो. माइकवर.

आता मी मुख्य फाइलमधल्या मॉड्यूलच्या यादीतून एसएमएसची ओळ काढली. उरलेल्या सहांचं तिच्यावाचून काहीच अडलं नाही. दहा पंचावन्नला साइट चढली.

लगेच फोन लावला. "मॅडम, तुमचे आभार मानायचे होते."

"अरे वा! कुठली चूल विझली?"