छत्तीस तास वीस मिनिटं

मोहरीएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला तो थेट पलंगाखाली. पंचावन्न वर्षांचा धाकटा डोळ्याला भिंग अडकवून फरशीवर आडवा झाला आणि लोहचुंबक फिरवू लागला.

“अहो, आधीची चार घड्याळं मारलीत ती पुरली नाहीत का?” बायको दारातून म्हणाली.

“हे मरणार नाही. हे आप्पांचं आहे.”

बायको दोन पावलं आत आली. “तेच म्हणते. आहे तसं राहू द्या. कशाला उकरून काढताय?”

“ताईनं दिलंय,” तो पलंगाखालून म्हणाला. स्क्रू सापडला एकदाचा.

घड्याळदुरुस्तीचा नाद लागून त्याला सहा महिने झाले होते. शनिवारी बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे दोन तास शिकायचं, बाकी आठवडा घरी पराक्रम गाजवायचे. थोरली बहीण जन्मभर त्याला धांदरट म्हणत आली. पण गेल्या आठवड्यात तिनंच वडिलांचं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं होतं. तीन वर्षं तिनं ते डबीत जपलं होतं, कुणाला हात म्हणून लावू दिला नव्हता. “तू चालू कर. दुसऱ्या कुणाला देणार नाही मी,” म्हणाली. एकदा तरी ताईच्या तोंडून शाबासकी ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं.

त्या घड्याळाची गोष्ट सगळ्या नात्यात ठाऊक होती. आप्पा रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्याला पूर्ण चावी द्यायचे. अंगात ताप असो की घरात लग्न, कधी चुकले नाहीत. “आधी त्याचं पोट, मग माझं,” म्हणायचे. शेवटच्या दिवशीही अगदी ठणठणीत होते. सकाळी धाकट्याबरोबर फिरून आले, दुपारी त्याच्याशी रमीचे तीन डाव खेळून तिन्ही जिंकले आणि संध्याकाळी सात वीसला त्याचा हात हातात घेऊन गेले. मनगटावरचं घड्याळही त्याच मिनिटाला थांबलं.

ताई परगावाहून पोचली तेव्हा धाकट्यानं रडत रडत हे सांगितलं होतं. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि महिन्याभरात घरावरचा आपला हक्क सोडून दिला. “शेवटी जवळ तूच होतास,” म्हणाली.

शनिवारी घड्याळजीनं आप्पांचं घड्याळ पाहिलं आणि खो खो हसला.

“अरे राजा, आधी चावी देऊन बघितलीस का?”

“नाही.”

“सगळे नवशिके हेच करतात. चावी न देताच पोट फाडतात! काही बिघडलेलं नाही यात. चावी संपली म्हणून थांबलंय.”

घड्याळजीनं चावी दिली. घड्याळ टिकटिकायला लागलं आणि धाकट्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुढे मात्र त्यानं काम चोख केलं. पूर्ण चावी दिली की घड्याळ किती वेळ चालतं, ते तीनदा मोजून वहीत लिहिलं.

मग ताई आली. बायको पाणी देऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही.

ताईनं घड्याळ कानाला लावलं. “चाललं की रे! शाब्बास रे माझ्या धांदरटा!” तिनं पदरानं डोळे पुसले. “काय झालं होतं याला?”

इथं गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं! पण शाबासकी डोक्यात गेली.

“काहीसुद्धा नाही! नुसती चावी संपली होती. तीनदा मोजलंय मी. पूर्ण चावीवर छत्तीस तास वीस मिनिटं. पाच मिनिटांचाही फरक नाही. ही बघ वही.”

ताईनं वही वाचली. मग बोटांवर मोजायला लागली.

“सकाळी सात ते दुसऱ्या सकाळी सात, चोवीस. तिथून संध्याकाळचे सात, छत्तीस. वर वीस मिनिटं.”

“अगदी बरोबर!” धाकटा खुशीत म्हणाला.

“म्हणजे शेवटची चावी आदल्या दिवशीची. गेले त्या सकाळी आप्पांनी चावी दिलीच नाही.”

आत एक भांडं पडलं. ते कुणी उचललं नाही.

ताईनं घड्याळ डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये टाकली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मग त्या दुपारी तू रमी कुणाशी खेळलास रे?”