सत्तावीस नंबरचा निकाल

"रक्त माझं हाय ह्यात, आन् मलाच बघायला न्हाय?" बयाबाईंनी काउंटरवर हात टेकून विचारलं.

काउंटरमागे श्यामला उभी होती. कोल्हापुरातल्या या कॉलेजच्या ग्रंथालयात तिची बारा वर्षं गेली होती. तिच्या हातातला प्रबंध हुपरीत चांदीचे पैंजण जोडणाऱ्या बायकांवर होता. जोडकामाच्या धुरानं त्यांच्या तब्येतीचं काय होतं, यावर. त्यासाठी सहा वर्षांपूर्वी एक संशोधक बाई येऊन या बायकांचं रक्त घेऊन गेल्या. निकाल कळवते म्हणाल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. बयाबाईंकडे तेवढी एक चिठ्ठी राहिली होती. नमुना सत्तावीस.

श्यामला विचारायला केबिनमध्ये गेली. ग्रंथपाल गुरुप्रसाद सरांनी मान वर केली नाही.

"प्रबंध फक्त सभासदांना. झेरॉक्स तर नाहीच. आज एकीला दाखवलात तर उद्या अख्खी हुपरी दारात उभी राहील."

श्यामला परत आली. "मावशी, तुमच्या हातात देता येत नाही. झेरॉक्सपण नाही."

"मला कुठं वाचाय येतंय?" बयाबाई म्हणाल्या. "माझं सोडा. दम लागाय लागला तसं मी काम बंद केलं. आता सून, दीपा, बसती माझ्या जागंला. चौथा म्हैना हाय तिला."

श्यामलानं एकदा केबिनच्या काचेकडे पाहिलं आणि प्रबंध उघडला. तक्त्यात सत्तावीसच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. इंग्रजीतलं तिनं मराठीत सांगितलं. धुरातला विषारी धातू रक्तात धोक्याच्या पातळीच्या दुपटीहून जास्त. खाली टीप होती, ती मात्र तिनं दोनदा वाचली: या सर्व महिलांना तातडीने कळवणे आवश्यक.

"म्हंजे त्यास्नी तवाच कळलं हुतं," बयाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी फोन काढला, लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. "दीपा, हातातलं ठेव. ह्या बाई काय सांगत्यात ते ऐक."

फोनमधून गॅसच्या ज्योतीची फुरफुर ऐकू येत होती. टेबलांवरच्या मुलामुलींनी माना वर केल्या. काचेआड गुरुप्रसाद सर खुर्चीतून उठले. श्यामला फोनवर वाकली आणि हळू आवाजात सांगू लागली.

"बाई, जरा मोठ्यानं वाचा की," दीपा म्हणाली. "आमी नऊजणी हाय हितं."